शेवटची विरार आणि उत्तररात्रीचे राग

वसई-विरारकडच्या गाणेवेड्यांमध्ये एक तक्रार पिढी बदलली तरी बदलत नाही: आता पूर्वीसारखे ऐकणारे राहिले नाहीत. एकेका माणसाच्या आयुष्यातही हीच चढउतार दिसते. विशीत रात्र रात्र बैठकीत मांडी घालून बसणारा चाळिशीत वर्ष वर्ष तंबोऱ्याचा सूर ऐकत नाही आणि साठी उलटल्यावर पुन्हा यमन-मालकंसाकडे वळतो. या चढउताराचा अर्थ आपण लगेच स्वभावात शोधतो. ओढ खरी असती तर मधली वीस वर्षे ती गेली कुठे, असे विचारतो. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. या पट्ट्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास तपासला, तर गाण्याची ओढ तीव्र होणे किंवा मंदावणे हे माणसाच्या हाताशी किती वेळ उरत होता, आणि त्यातही किती रात्र उरत होती, याच्याशी घट्ट बांधलेले दिसते. इथे रात्र किती उरली हे आगगाडी ठरवत आली आहे. त्यामुळे वसई-विरारच्या रसिकतेचा इतिहास सांगायचा, तर गवयांच्या नावांआधी वेळापत्रक उघडावे लागते.

उत्तरेकडून येणारी बी. बी. अँड सी. आय. रेल्वे १८६४ मध्ये वसईची खाडी ओलांडून मुंबईत पोचली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी धावली. दिवसाला एकच फेरी. सकाळी पावणेसातला विरारहून निघायची आणि संध्याकाळी साडेपाचला बॅकबेहून परत फिरायची. या वेळापत्रकात कोर्टकचेरी बसत होती, दुकानदाराची खरेदी बसत होती. गाणे मात्र बसत नव्हते. त्याच सुमारास मुंबईत संगीताच्या सार्वजनिक संस्था उभ्या राहत होत्या. पारशी मंडळींनी १८७० मध्ये गायन उत्तेजक मंडळी काढली, १८८४ मध्ये तरुण विष्णु नारायण भातखंडे तिचे सभासद झाले, उत्तर हिंदुस्थानातून आलेले उस्ताद भेंडीबाजारात स्थिरावू लागले. मुंबईत नात्यागोत्याचे घर नसलेल्या वसईकराला यातले काही ऐकायचे तर सोय नव्हती. दिवे लागायच्या आत परतीची गाडी धरायची आणि गाणे तर दिवे लागल्यावर सुरू होणार. या माणसाला संगीताची गोडी नव्हती असे कोणी म्हटले, तर त्याला मी ते साडेपाचचे वेळापत्रक दाखवेन.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत चित्र पालटले, आणि ते एकाच वेळी दोन्ही टोकांनी पालटले. मुंबईच्या टोकाला गिरगाव आणि त्याच्या आजूबाजूचा परिसर हिंदुस्थानी संगीताचे मोठे केंद्र झाला. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला सुरू केलेल्या गांधर्व महाविद्यालयाची मुंबईची शाखा १९०८ मध्ये निघाली. बी. आर. देवधरांनी १९२५ मध्ये ऑपेरा हाउसजवळ आपले संगीत विद्यालय काढले आणि पुढे तिथेच लहानगा कुमार गंधर्व शिकायला राहिला. लक्ष्मीबागेत बैठका होत, ब्राह्मण सभेच्या गणेशोत्सवात गाणी होत, चाळीचाळींतल्या गणपतीपुढे नामवंत गवई बसत आणि श्रोते रस्त्यावर सतरंजी टाकून ऐकत. अल्लादियाखाँसाहेबांचे अखेरचे दिवस मुंबईत गेले. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर याच शहरात गायल्या. संगीत नाटकांनी तर राग घराघरांत पोचवले. १९११ चे ‘मानापमान’ गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी आणि १९१६ चे ‘स्वयंवर’ भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी गाजले. ज्याने बंदिशीचे नावही ऐकले नव्हते, त्याच्या तोंडी भीमपलास आणि यमन पदांच्या रूपाने रुळले. आता हे सगळे नकाशावर मांडून पाहा: चर्नी रोड, ग्रँट रोड, दादर. एकाच रुळावरची स्टेशने, आणि त्याच रुळाचे दुसरे टोक विरार.

दुसऱ्या टोकाला बदल झाला तो विजेचा. कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या जानेवारी १९२८ मध्ये सुरू झाल्या आणि १९३६ मध्ये वीज विरारपर्यंत पोचली. गाड्या वाढल्या, वेळ कमी झाला, रात्री उशिराची गाडी मिळू लागली. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या काळची बैठक रात्री जेवणे आटोपल्यावर बसायची आणि उजाडेपर्यंत चालायची. आज हे ऐकून आपल्याला वाटते की लांब राहणाऱ्याला ते अशक्यच असेल. प्रत्यक्षात रात्रभराची बैठक लांबच्या श्रोत्याच्या सोयीची होती. रात्री अकरा-साडेअकराला संपणारा कार्यक्रम माणसाला घड्याळाकडे बघायला लावतो. मोठा ख्याल रंगात आलेला असताना त्याचे अर्धे चित्त शेवटच्या विरारमध्ये असते. पहाटे भैरवीने संपणाऱ्या बैठकीला ही धास्ती नाही. भैरवी संपते आणि स्टेशनात पहिली गाडी उभी असते. शिवाय त्या एका रात्रीत श्रोत्याला रागांचे सगळे प्रहर मिळत: पूर्वरात्रीचा बिहाग, मध्यरात्रीचा मालकंस, त्यापुढचा दरबारी, आणि उजाडण्याआधीचा ललत. एका बैठकीत इतका मोठा पट ज्याच्या कानांवरून गेला, त्याची ओढ तीव्र असणारच. ती तीव्रता त्याच्या रक्तात किती होती हे सांगता येणार नाही. पण त्या रात्रीच्या रचनेत ती निश्चित होती.

मग आली आकाशवाणी. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले; शास्त्रीय संगीताच्या दृष्टीने मोठी घटना मात्र १९५२ ची. त्या वर्षी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि शनिवारी रात्री देशभर एकच गायक किंवा वादक ऐकू येऊ लागला. नभोवाणी मंत्री बा. वि. केसकरांवर त्यांच्या चित्रपटगीतांच्या नावडीबद्दल भरपूर टीका झाली, आणि त्यातली बरीच रास्तही होती. तरीही एक श्रेय त्यांना द्यायला हवे: मुंबईत रात्र काढणे ज्यांना जमत नव्हते अशा लाखो घरांत त्यांनी ठरलेल्या वेळेला सलग गाणे पोचवले. यात शनिवारची निवड फार महत्त्वाची. रविवारी लवकर उठून गाडी धरायची नसते, म्हणून शनिवारची रात्र चाकरमान्याची स्वतःची असते. रेडिओ संच असलेल्या घरी शेजारीपाजारी जमायचे आणि ऐकायचे, ही त्या काळातल्या गावोगावची रीत होती. याच रेडिओने काळाची शिस्तही पाळली. सकाळचे राग सकाळी, रात्रीचे रात्री. ऐकणाऱ्याला रागाचे नाव कळले नाही तरी कोणत्या वेळी कोणता सूर बरा वाटतो हे कानाला कळत गेले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. गिरगावातली बैठक, रेडिओचा संच, शनिवारची सवड या सगळ्या पांढरपेशा घरांच्या गोष्टी झाल्या. वसई-विरारचा बहुसंख्य समाज वेगळा: वाडवळ, सामवेदी, भंडारी, कोळी, आगरी, कुपारी ख्रिस्ती, पूर्वेच्या डोंगरपट्ट्यातले वारली आणि मल्हार कोळी. यांतला वाडीवाला पहाटे केळी, विड्याची पाने, भाजी, फुले घेऊन मुंबईच्या गाडीत चढत होता. त्याचा आणि मालकंसाचा काय संबंध? ख्यालाची बैठक थोड्यांपुरती राहिली हे खरे, आणि त्यामागे जातीची व पैशाची कुंपणे होती हेही खरे. परंतु रागाशी ओळख करून देणारी एकच वाट होती असे यातून ठरत नाही. देवळातले भजन आणि कीर्तन ही दुसरी वाट. कीर्तनकाराला पूर्वरंग-उत्तररंग सांभाळताना साक्या, दिंड्या, पदे रागांत बांधून म्हणावी लागतात. संगीत भजनाचा बुवा काळी चार, काळी पाच अशी आपली पट्टी ठरवून बसतो, रूपाच्या अभंगाने सुरुवात करतो, गौळणीपर्यंत येतो आणि भैरवीने उठतो. पुढे भीमसेन जोशींच्या संतवाणीने आणि जितेंद्र अभिषेकींच्या अभंगांनी या बुवांना नव्या चाली दिल्या. शास्त्रीय गायकाचा सूर भजनी मंडळात शिरला आणि तिथून तो अशा कानांपर्यंत गेला, जे संगीत सभेचे तिकीट काढून कधी आत गेले नसते.

हीच परंपरा गाडीत चढली. विरार लोकलमधले भजन पाहिले नसेल त्याने एकदा सकाळी पाहावे. एका ठरलेल्या डब्यात ठरलेल्या दाराशी मंडळी जमतात. पिशवीतून टाळ निघतात. पखवाज आणायला जागा नसते, म्हणून एकजण डब्याच्या पत्र्यावर हाताने ठेका धरतो आणि त्या पत्र्यातून घुमारा व चाट वेगळे काढतो. पेटी नसते, बुवा नुसत्या अंदाजाने सूर लावतो आणि गाडीच्या खडखडाटात तो सुटू देत नाही. मागचे कोरस धरतात, त्यांतला एखादा वरच्या षड्जाला हात घालतो. स्टेशन आले की उतरणाऱ्यांच्या रेट्यात टाळ छातीशी धरले जातात आणि गाडी हलली की समेवर पुन्हा वाजतात. दसऱ्याला याच डब्याला फुलांच्या माळा लागतात. सहप्रवाशांना याचा त्रास होतो, तक्रारी होतात, आणि थकलेल्या माणसाची शांततेची मागणी रास्तच आहे. तरी माझ्या मुद्द्यासाठी या दृश्याचे मोल मोठे आहे. संध्याकाळ आणि रात्र हातची गेलेल्या माणसांनी गाण्यासाठी वेळ शोधला आणि तो प्रवासातच सापडला. ओढ आटली असती तर ती चेंगराचेंगरीत टाळ घेऊन उभी राहिली नसती.

ख्रिस्ती वसईचा पुरावा आणखी बोलका आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत इथे पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि या दोनशे वर्षांत किल्ल्यातल्या व गावोगावच्या चर्चमधून लॅटिन प्रार्थना घुमत राहिल्या. चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. भीमाशंकरची घंटा त्यांतलीच मानली जाते. घंटा गेल्या तरी भाविक इथेच राहिले आणि लॅटिन उपासनाही राहिली. ती बदलली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीचा जो दस्तऐवज संमत झाला, त्यात लोकभाषेला वाट मिळाली आणि त्या त्या प्रदेशाच्या संगीत परंपरेला मान द्यावा असे स्पष्ट म्हटले गेले. त्यानंतर वसईच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होऊ लागली, पेटी-तबला आला, भजनाच्या चालीची भक्तिगीते आली. ज्या समाजाचे कान चार शतके पाश्चात्त्य सुरावटींवर वाढले, तो समाज एका पिढीत हिंदुस्थानी सुरांवर प्रार्थना म्हणू लागला. त्याचा स्वभाव पालटला म्हणून हे घडले काय? दर रविवारी ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी ते सूर कानी पडू लागले, म्हणून घडले. ओढ अशी तयार होते.

आता उतरणीकडे येऊ. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मुंबईत घर न परवडणारी माणसे लोंढ्याने इकडे आली. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महापालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर होती. या नव्या वस्तीत गिरगाव-दादरहून उठून आलेली मराठी घरे पुष्कळ. ज्यांच्या आजोबांना लक्ष्मीबाग चालत जाण्याच्या अंतरावर होती, त्यांची नातवंडे साठ किलोमीटरवर राहू लागली. चर्चगेट-विरार धीम्या गाडीला पावणेदोन तासांच्या घरात लागतात. जाणे-येणे आणि दोन्हीकडचे रिक्षा-बस धरले, तर दिवसाचे चार तास गेले. चांगली बैठक साधारण तेवढ्याच वेळाची असते. चाळिशीतला माणूस गाणे का ऐकत नाही, याचे उत्तर या बेरजेत आहे. मुलांचेही तसेच. सोसायटी-सोसायटीत गाण्याचे क्लास आहेत, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुले बसतात, प्रारंभिक, प्रवेशिका होते, काही मध्यमापर्यंत जातात; तोवर दहावी येते आणि पेटीवर कापड पडते. पुढे कॉलेज, नोकरी, गाडी. साठीला गाडी सुटते आणि तो माणूस पुन्हा रियाजाला बसतो. मधल्या काळात ओढ मेली असती, तर साठीला ती उगवली कुठून?

वेळेचा दुसरा घाव कायद्याने बसला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी केली आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आणखी घट्ट केली. आजारी माणसे, अभ्यास करणारी मुले यांच्यासाठी हा नियम हवाच होता. त्याच्याविरुद्ध बोलण्याचा माझा हेतू नाही. पण त्याचा रागांवर काय परिणाम झाला हे पाहायला हवे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या, रात्र रात्र चालणाऱ्या महोत्सवालाही आपले तास दिवसाकडे सरकवावे लागले. संध्याकाळी सहा ते दहाच्या चौकटीत मारवा, पूरिया, यमन, फार तर बागेश्री मावतो. दरबारी, अडाणा आणि पहाटेआधीचा ललत यांची वेळच नाहीशी झाली. गवई ते गातात, पण अवेळी. सकाळच्या रागांसाठी मुंबईत ‘प्रातःस्वर’सारखी सुंदर मालिका पंचम निषादने रवींद्र नाट्य मंदिरात चालवली, पण साडेसहाच्या त्या तोडीसाठी विरारकराला घर साडेचारच्या आत सोडावे लागे. वसई-विरारमधले कार्यक्रम मैदानात नाही तर देवळाच्या सभामंडपात होत आलेले. म्हणून इथे दहाचा काटा आणखी बोचतो.

यावर आजचा तरुण म्हणेल, कशाला हवी रात्र आणि कशाला गाडी? अमीरखाँसाहेबांचा मारवा खिशात आहे, किशोरीताईंचा भूप खिशात आहे, ऐका ना. हे सुख खरेच मोठे आहे. वसईतल्या एखाद्या मुलीला आज घरबसल्या जे ऐकायला मिळते, ते १९३६ साली गिरगावातल्या धनिकालाही मिळत नव्हते. तरी उपलब्धता आणि सवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विलंबित ख्याल पाऊण तास मागतो, आणि तो सलग मागतो. वसई रोडला गाडीत घुसताना कानात लावलेला मारवा नायगावला धक्क्याने तुटतो, भाईंदरला फोनने तुटतो. शिवाय बैठकीत शेजारच्या जाणत्याची मान कुठल्या जागेला हलली हे पाहून नवखा शिकायचा. एकट्याच्या कानाला ती शाळा नाही. म्हणूनच साठा अमाप वाढूनही ओढ त्या मानाने वाढलेली दिसत नाही. साठा वाढून जर ओढ वाढत असती, तर माझे म्हणणे खोटे ठरले असते.

दुसरा आक्षेप स्वभावाचाच. एकाच गाडीने जाणाऱ्या दोघांपैकी एक गाणे जपतो, दुसरा सोडतो; मग वेळापत्रकाला दोष का? व्यक्तीव्यक्तीत फरक असतो हे कबूल. काही जण कितीही ओढाताण झाली तरी रविवारची सकाळ रियाजाला देतात, आणि त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. पण एका गावाच्या रसिकतेचा इतिहास अशा अपवादांवर लिहिता येत नाही. १८६७, १९३६, १९५२, १९६३, २००० या सालांना इथल्या लोकांचा पिंड पाच वेळा बदलला असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती सोय, आणि तिच्यामागोमाग ऐकणे बदलत गेले. रसिक संपले म्हणून हळहळणाऱ्यांनी हे क्रम लावून पाहावेत.

आणि सोय बदलता येते, म्हणून एक मागणी. ध्वनिप्रदूषण नियमांतच सांस्कृतिक आणि धार्मिक प्रसंगांसाठी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे, आणि बंदिस्त सभागृहाला तर दहाची अटही त्या रीतीने लागू नाही. वसईच्या चिमाजीअप्पा मैदानावर दरवर्षी तालुक्याचा कला-क्रीडा महोत्सव भरतो, हजारो मुले त्यात उतरतात. पालघर जिल्हा प्रशासनाने आणि वसई-विरार महापालिकेने त्या पंधरा दिवसांतला एक दिवस, शक्यतो शनिवारचा, शास्त्रीय गायनाला द्यावा; आणि एखाद्या बंदिस्त सभागृहात वर्षातून एकदा तरी सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतची बैठक ठेवावी. भजनी मंडळांच्या बुवांना आणि चर्चच्या गायकवृंदांना पुढच्या रांगेत बसवावे. श्रोत्याला त्या रात्री गाडी धरावी लागणार नाही, एवढी काळजी घेतली तरी पुरे.